तारेवरचं लुगडं

आबा, त्या सकाळी मी अंगण झाडलं, म्हशीचं दूध काढलं, तुमच्या भाकरी थापल्या आणि धुणं घेऊन परसात गेले. दोरी तुटली होती. म्हणून कडुनिंबापासून पत्र्यापर्यंत ताणलेल्या रेडिओच्या तारेवरच लुगडं टाकलं. आपल्या बोरी गावात ज्यांच्या घरी रेडिओ होता त्या सगळ्याच बायका असं करायच्या. ऊन चढलं, तुम्ही दिल्लीच्या बातम्या लावल्या आणि मधेच आवाज बुडाला. तुम्ही रेडिओच्या पाठीवर थापा मारल्या, मग बाहेर येऊन लुगडं बघितलं.

"तार काय धुण्यासाठी बांधली हाय का गं?"

मी लुगडं काढलं. थोड्या वेळानं आवाज आला. झालं, गुन्हा शाबीत.

नवरा गेल्यावर मी तुमच्याकडे परत आले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या घरात माझ्याशी न रडता बोलणारा एक रेडिओच होता. आत्या चुलीपाशी बसून म्हणाली, "दादा, लुगड्याचं काय घेऊन बसलास? ही आली तवापासून रेडिओ मुका व्हायलाय." आपण दीक्षा घेतलेली, देव्हारा काढून तिथे बुद्धाची तसबीर लावलेली, आणि तिच्याच खाली बसून तुमची बहीण माझा पायगुण काढत होती. तुम्ही माझ्याकडे वळलात. मला म्हणालात, "लुगडं नीट पिळत जा."

मला ते लागलं. मी छडा लावायचं ठरवलं. रेडिओ गप्प झाला की मी पीठ मागायच्या निमित्तानं मास्तरांच्या घरी जायची आणि मास्तरीणबाईंना विचारायची, तुमचा चालू आहे का. त्यांचाही गप्प असायचा. त्यांची तार माडीवर होती, तिथे कोणी चिंधीसुद्धा वाळत घालत नसे. शिवाय असं कधी रात्री व्हायचं नाही, ऊन असतानाच व्हायचं. पुढे मास्तरांकडच्या एका जुन्या मासिकात कारण सापडलं. सूर्यावर भडका उडाला की इकडे वरच्या हवेत काही बिघडतं आणि लांबच्या स्टेशनचा आवाज आपल्यापर्यंत पोचतच नाही. मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं.

"सूर्याला दुसरा धंदा न्हाई का? आपल्याच रेडिओवर डूक धरून बसलाय?"

"मास्तरांचाही बंद पडतो, आबा."

"त्यांनी बी धुणं टाकलं असंल."

काय बोलावं अशा माणसाशी? पुढे काही वर्षं सूर्य शांत झाला. त्याचे असे चढउताराचे फेरे असतात, तेही मी वाचलं होतं. मी रोज तारेवर धुणं टाकायची आणि रेडिओ बोलत राहायचा. तुम्ही खुशीत म्हणालात, "आता पिळायला शिकलीस."

आज पेपरात आलंय की सूर्यावर वादळ झालं तर उपग्रह बिघडतात, विमानांचे निरोप तुटतात, मोठाल्या वीजवाहिन्या बंद पडतात. शिकलेली माणसं दिवसभर दुर्बिणी लावून सूर्याची मर्जी बघत बसतात. वाचता वाचता मी तुमच्यावर इतकी चिडले की चहा निवून गेला. तुम्ही असता तर हा पेपर तुमच्यासमोर धरला असता. तुम्ही चष्मा शोधायला उठला असता आणि परत आला नसता.

पण एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. सूर्य शांत व्हायच्या आधीचा. शेजारच्या चार बायका डाळ निवडायला आल्या होत्या. मला ताप होता, धुणं धुतलंच नव्हतं. बातम्या चालू असताना आवाज गेला. आत्या उठली, परसात डोकावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बघ दादा, तार रिकामी हाय. आता कुणाचं नाव घेशील?"

बायकांचे हात सुपात थांबले. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही बाहेर गेलात, तारेला हात लावलात, आत आलात.

"कालचं पाणी हाय तारंत," तुम्ही म्हणालात. "वाळंल."

वैशाखात, आबा. ती तार हाताला चटका देत असणार. आत्या परत सुपाशी जाऊन डाळ निवडायला बसली.

त्या दिवशी मला तुमचा राग आला. "माझ्या पोरीचा काही दोष न्हाई," एवढं साधं वाक्य तुम्हाला का जमलं नाही? अजून येतो राग. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र पेपराच्या घडीत ठेवून देईन, धाडायचं तरी कुठं. पण त्या दुपारनंतर मी मास्तरांच्या घरी पीठ मागायला गेले नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी लुगडं धुतलं, न पिळता तारेवर टाकलं आणि तुम्हाला बातम्या लावायला हाक मारली.