आटलेल्या गाईची पेंड

तात्या, तुम्ही मला आंदण दिलेल्या कालवडीच्या वेलातलं शेवटचं वासरू परवा सकाळी गेलं. कालवडच होती, दोन दिवसांची. आई तिची आता थकली आहे, ती काही पुन्हा गाभण राहायची नाही. व्याली मात्र अगदी अलगद, कुणाला हात लावावा लागला नाही. पण कालवड उठेचना. मी तिला पोत्यानं पुसून काढलं, बाटलीनं चीक पाजायला गेले तर तो तोंडातून बाहेरच गळत राहिला. आणि चीक तरी कसला, नुसतं पाणी. शेवटी इंदापूरहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या लेकीपेक्षाही लहान पोरगी. तिनं सुई टोचली, मग गाईच्या गव्हाणीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, व्यायच्या आधी शेवटचे दोन महिने हिला काय घालत होता?" मी म्हटलं, "उसाची वाढं आन् कडबा. गाय आटली की पेंड बंद. न्हायतर वासरू थोराड हुतंय आन् गाय अडती." वाक्य तुमचंच होतं, तात्या. मी ते इतकी वर्षं तुमच्याच आवाजात बोलत आले आहे.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का? पणदऱ्याचा आपला गोठा. मी अकरा वर्षांची आहे, ऊसतोड चालू आहे आणि दारात वाढ्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे पडले आहेत. दुभत्या गाई पेंड खातात आणि आपली पहिली जर्सी, दूध आटलेली, दिवस भरत आलेली, नुसती मान वळवून त्यांच्याकडे बघत उभी असते. मला ते बघवत नाही. आठ दिवस मी परकराच्या ओच्यातून तिला चोरून सरकी पेंड घालते. नवव्या दिवशी ती अडते. सकाळपासून दोन खूर बाहेर दिसतायत, तळवे वर केलेले, आणि तुम्ही आणि चुलते दोर लावून ओढताय. दुपारी वासरू मेलेलं निघालं आणि दिवस मावळायच्या आत गाय गेली. मीच रडत रडत सांगितलं की पेंड मी घातली होती. तुम्ही मारलं नाहीत. हौदावर हात धुतलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "खाऊ घालून मारलीस तिला." पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. फक्त माझ्या लग्नात टेम्पोत ती कालवड चढवताना माझ्या कानाशी आलात: "आटली की पेंड बंद. इसरू नगंस."

नाही विसरले. इथं सासरी, बावड्यात, माझी एकही गाय कधी अडली नाही. वहिनीच्या हाताला गुण आहे, असं भावकीतल्या बायका म्हणायच्या. वासरं मात्र हडकुळी व्हायची. काही उभीच राहायची नाहीत, काही आठवड्यात हगवणीनं जायची. सासूबाई दृष्ट काढायच्या, मी बांधाच्या कडेला खड्डा घ्यायची आणि मनाशी म्हणायची, आई तरी जगली ना.

परवा डॉक्टरीणबाई खाली माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मावशी, पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते याच दोन महिन्यांत. त्याची ताकद आणि घट्ट चीक, दोन्ही तेव्हाच्या खाण्यातनं येतं. नुसत्या वाढ्यांवर कुठनं येणार?" मग मी तिला ती जुनी गोष्ट सांगितली. आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "खुरांचे तळवे कुठल्या बाजूला होते?" मी म्हटलं, "वर." "मग ते उलटं येत होतं, मागच्या पायांनी. आठ दिवसांच्या पेंडीनं असं होत नाही. तुमचा काहीच दोष नव्हता हो."

मला हलकं वाटायला हवं होतं. चाळीस वर्षं जिवाला लागलेली एक गाय त्या पोरीनं सोडवली, आणि त्याच दमात माझ्या हातची सगळी वासरं माझ्या पदरात घातली. त्यांना तर मीच उपाशी ठेवलं होतं, पोटात असताना, दोन-दोन महिने, मोठ्या काळजीनं. मला तुमचा भयंकर राग आला, तात्या. सगळा जन्म गुरांत काढलात, ते खूर तुमच्या डोळ्यांसमोर होते. तुम्हाला कळलं नव्हतं का? की कळलं होतं आणि एकदा बोलून गेल्यावर मागं घेता आलं नाही? आता कुणाला विचारू? तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या पायाशी बसले होते, तेव्हाही विचारायचं सुचलं नाही. तुमचं खरंच असणार, असंच धरून चालले होते.

बाजारातून घेतलेली दुसरी गाय गाभण आहे, आता आटली आहे. तिला सून पेंड घालते, डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेवढी. सून म्हणते, "आत्या, या की, बघा तर कशी खाती." मी जात नाही, काहीतरी काम काढून घरातच राहते. हे पत्र धाडायचं तर कुठं, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते वाचूही द्यायचं नाही. काल ती गाय खात असताना माझ्या मनात आलं, अडू दे हिला. मरू दे वासरू. म्हणजे तुमचं खरं ठरेल, आणि माझ्यावर पणदऱ्याची ती एकच गाय राहील.