खालच्या मजल्याची खोली

४ नोव्हेंबर २००३
नाय, वृद्धाश्रम माझ्यासाठी नाय बघत. भागुबाईसाठी बघतोय. हिची कंबर गेली, पट्टा लावून फिरते. दोन जिने झेपत नायत. मखमलाबादचा मळा विकून पंचवटीत फ्लॅट घेतला तेव्हा लिफ्ट नव्हती, पण हवा होती. मला जिना चालतो. मधी बसतो, ते खालच्यांची विचारपूस करायला.

५ नोव्हेंबर, सकाळी
बाथरूममध्ये बसलो. पडलो नाय, बसलो. हिनं आणि वॉचमन केरूनं उठवलं. केरू म्हणे, बाबा, तुम्हाला उचलायचा पगार सोसायटी वेगळा देणार का? म्हटलं, तोंड सांभाळ. ही कंबर धरून कॉटवर आडवी. वय झालं हिचं.

संध्याकाळी
पुण्याहून ललितचा फोन. म्हणतो, तात्या, दिवसाची बाई ठेवू, पण रात्री आईच उठणार ना? नायतर इकडं या. याचं वन रूम किचन, चौथा मजला. पोरगं शिकलं पण हिशोब येत नाय.

७ नोव्हेंबर
देवळालीचा वृद्धाश्रम बघितला. हवा एक नंबर. मी जिंदगी फुलबाजारात काढली. वरचा थर बघून माल घेत नाय, क्रेटच्या तळाला हात घालतो. म्हणून ऑफिस सोडून थेट किचनमध्ये घुसलो. वरण पातळ, भाकरी गरम. मग गाद्या उचलून बघितल्या. एका गादीवर म्हातारा झोपलेला होता, त्यानं शिव्या दिल्या. आवाज खणखणीत. म्हणजे खायला बरं देतात.

मॅनेजर प्रतिभाताई. म्हणाल्या, दोघांची एकच खोली शिल्लक, खालच्या मजल्यावर, संडासात धरायला दांडी. महिना सहा हजार. रविवारी दुसरं जोडपं बघायला येतंय. ही ट्रिक मला नवी नाय. कुंभमेळ्यापासून सगळेच भाव वाढवून बसलेत.

८ नोव्हेंबर
ही म्हणाली, अहो, ताणू नका. ती खोली गेली तर मला आता उचलवायचं नाय. म्हटलं, तुला उचलायला सांगतंय कोण? जेवायला वाढलं.

प्लॅन पक्का. चार हजार बोलायचं. नाय म्हणाल्या की पाठ फिरवायची. गेटपर्यंत हाक येतेच. मळ्यातला झेंडू विकताना मी असाच भाव काढायचो. मी चालू लागलो की दलाल मागून ओरडायचा, देवरामशेठ, या, वाढवला. एकदा हुकलं नाय.

९ नोव्हेंबर, रविवार
भागुबाईला घेऊन गेलो. चार बोललो. प्रतिभाताई म्हणाल्या, परवडत नाही बाबा. उठलो. मागं बघायचं नाय, हा नियम. हळू चाललो, त्यांना विचार करायला टाईम मिळावा म्हणून. पायऱ्या उतरलो. हाक नाय. गेटात पांढरी मारुती थांबली. म्हातारा-म्हातारी उतरली, सोबत मुलगा. आत गेली. हाक नाय. भागुबाई पण मागं येईना. पाय एकदम जड. गेटचा खांब धरला आणि बसलो. लिहितो ते खरं, बसलोच. पण उठता येईना.

मग आली हाक. बाबा, हलू नका. प्रतिभाताई व्हीलचेअर ढकलत आल्या. विचारलं, किती कमी केले? म्हणाल्या, कमी कसले? आजींनी तुम्ही पायऱ्या उतरताना पैसे भरले. पूर्ण सहा.

भागुबाई मागं उभी. म्हटलं, मला न विचारता? मला गेटपर्यंत जाऊ द्यायचं, खोली काय पळून जात होती? ती म्हणाली, अहो, बाजारात तुम्ही पाठ फिरवली की दलालाला मीच सांगायचे, मार त्यांना हाक, भाव वाढवला म्हण, तेवढं वजनात कापून घे. नायतर माल तसाच सुकला असता. आज तेवढा टाईम नव्हता, माणसं दारात होती.

१४ नोव्हेंबर, देवळाली
सामान लागलं. दांडी मजबूत हाय, दोनदा हलवून बघितली. प्रतिभाताई नर्सला सांगत होत्या, लक्ष आजोबांकडे ठेवायचं, आजी नुसत्या सोबत आहेत. म्हटलं, उलटं हाय. नर्सनं मान हलवली आणि मलाच धरून कॉटवर बसवलं.

भागुबाईनं पट्टा सोडून खुंटीला टांगला. दुपारभर झोपली. घोरत होती. कधी घोरायची नाय.

त्या वजनाचं मी विचारलं नाय. किती वर्षं, किती किलो, काय नाय. विचारणार पण नाय.

बस. आता लिहायचं नाय.