एका चपलेची राजकन्या

सातपाटी,
रविवार

प्रिय समू,

बाबांचं पत्र म्हटल्यावर तुझ्या काळजाचा ठोका चुकला असेल, म्हणून आधी हे वाच: आई बरी आहे, मी बरा आहे, आणि मैनाआत्याचं म्हणशील तर ती आपल्या सगळ्यांना पोचवून मगच स्वतःचं बघणार आहे. हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं बोलणं ठरलेलं. जेवलीस का, जेवले, पापलेट येतंय का, नाही येत, थांब आईला देतो. त्यापलीकडे मला फोनवर काही सुचत नाही. होडीवरची तांडेलकी सोडून मच्छीमार सोसायटीत बसायला लागल्यापासून मी कागदावरच भांडलो, कागदावरच समजूत घातली. माझं डोकं पेनातून चालतं.

आज मात्र पेनही धड चालत नाही. चार ओळी लिहितो आणि उठतो. मघाशी बंदरावर जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. होड्या बघत उभा राहिलो तर आपल्या गावातल्या भगवंतानं विचारलं, "तांडेल, काय हरवलाय काय?" त्याला काय सांगणार? परत आलो, चहा केला, तो ओट्यावरच राहिला. तुझ्या कादंबऱ्यांवरच्या मालिकेची शूटिंगवाली मंडळी गेल्यापासून घरात हे असंच चाललंय. आई मागच्या दारी, मी पुढच्या दारी, आणि मधे टीव्ही एकटाच बोलत असतो.

तुला वाटेल, शूटिंगमध्ये काही बिनसलं. तसं काही नाही. तुझा दिग्दर्शक ललित गोड माणूस आहे, ऊन लागून लाल झाला तरी कुणावर ओरडला नाही. नवापूरच्या किनाऱ्यावर 'भरतीराज्या'चा महादरवाजा उभा केला होता, प्लायवूडचा. दुपारचा वारा सुटला आणि महादरवाजा पहारेकऱ्यांसकट आडवा झाला. कुणाला लागलं नाही, पण पोरं अजून हसतायत. तुझा तो पंखांचा घोळ मासा म्हणे कम्प्युटरवर होणार. तोवर बांबूवर निळी गादी बांधून सरदार तिच्यावर चिलखत घालून डुलत होते. मैनाआत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढा मोठा घोळ न्यायचा कुठच्या बाजारात?"

आणि राजा! राजा म्हणजे मी, हे गावानं परस्पर ठरवून टाकलंय. पाचही भागांत तो दर्यावरून येतो, जेवतो, गप्प बसतो आणि परत दर्यावर जातो. मी आईकडे तक्रार केली तर ती म्हणाली, "यात खोटा काय हाय?" बरं, तेही मान्य. पण तुमचा नट जाळं हातात धरतो ते टॉवेल वाळत घातल्यासारखं. त्याला म्हणावं, दोन दिवस माझ्याकडे ये. राजा गप्प असला तरी जाळं नीट धरायचा, एवढं तरी माझ्या नावावर राहू दे.

बघ, मी पुन्हा भलतीकडे गेलो. जे सांगायचं त्याच्या भोवती फिरतोय आणि आत शिरवत नाही.

तर ऐक. तुझे पाचही भाग मी आईला मोठ्यानं वाचून दाखवले आहेत, हे तुला माहीत आहे. दुपारी ती कोळंबी सोलायला बसायची आणि मी वाचायचो. राजकन्या वेला रुसली की ती म्हणायची, आपली समू. वेला लढायला निघाली की कोळंबी बाजूला ठेवायची. एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण मी तिला कधी वाचलंच नाही. त्यात राणी मरते. धडधाकट बायकोसमोर बसून, तिच्या लेकीनं लिहिलेलं राणीचं मरण कोण वाचून दाखवणार? मी दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली. तिनं विचारलं, राणी कुठं हाय? मी म्हटलं, माहेरी गेलीय. पाच भाग झाले, दोन लढाया झाल्या, वेलाचं लग्न मोडलं, तरी राणी आपली माहेरीच. एकदा आई कंटाळून म्हणाली, "नवऱ्याशी भांडून गेली काय?"

म्हणून तुझ्या लोकांनी राणीच्या तसबिरीसाठी आपल्याकडचे दागिने घातलेल्या बाईचा एखादा जुना फोटो मागितला, तेव्हा आईनं हौसेनं आपल्या लग्नातला काढून दिला. गावभर सांगितलं, मी टीव्हीत राणी होणार हाय. त्यांनी त्यावरून दाराएवढी तसबीर रंगवली. फार सुंदर झाली, समू. मी लग्नात तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं असं मला वाटलं. शूटिंग बघायला बायका नव्या साड्या नेसून आल्या. आणि तिथं बघतात तर तसबिरीला हार, पुढं समई. मैनाआत्या आईकडे बोट दाखवत ओरडली, "अगं बाय, शालू तं इथं जिती हाय! हार कोणाला घातलाव?" सगळा सेट थांबला. पण आई हसली. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणाली, मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "माहेरी गेली काय?" मी तिकडून जो निसटलो तो थेट चहाच्या गाडीपाशी.

हे तुझ्या कानावर गेलं आणि पुढच्या रविवारी आई फोनवर आली नाही, म्हणून तिकडे हैदराबादला तू समजलीस की ती हारामुळे दुखावली. तू साडी पाठवलीस. साडी छान आहे. पण हाराचं तिला काही वाटलेलं नाही. जे झालं ते त्याच दिवशी जेवणानंतर झालं, आणि त्या वेळी तिच्याजवळ माझ्याशिवाय घरचं कोणी नव्हतं.

छोटी वेला झालेली ती मुलगी, स्वरा, तिला बोंबील वाळवायच्या काठ्यांच्या रांगांमधून पळायचं होतं. राणी गेल्याचा निरोप मामाच्या बेटावर येतो आणि वेला धावत घरी येते, तो प्रसंग. पोर पळत आली. रडणं असं, की खरंच वाटावं. आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं शूटिंगमधल्या एका पोराला विचारलं, "तिची दुसरी चप्पल कुठं पडली?" तो म्हणाला, मावशी, पडली नाही, पुस्तकातच आहे तसं. राजकन्या एकाच पायात पादुका घालून येते. आई तिथंच वाळूत खाली बसली. मला वाटलं ऊन लागलं. पाणी दिलं तर घेईना. मी विचारतोय, काय होतंय, आणि ती त्या पोरीच्या अनवाण्या पायाकडे बघतेय.

मला कळायला घरी यावं लागलं. ती म्हणाली, "तो कावला." आणि मग मलाही तो कावळा आठवला.

तू आठ वर्षांची असशील. सुट्टीत देवूमामाकडे नवापूरला गेली होतीस आणि मी दर्यावर होतो. बोंबील उलटताना आईच्या डोक्याला कावळा शिवला. आपल्याकडे त्याची रीत तुला मी काय सांगू. ती बाई गेली असा खोटा निरोप माहेरी धाडायचा, माहेरच्यांनी रडायचं, मग खरं सांगायचं, की झालं, बला टळली. मैनाआत्यानं लगेच भगवंताला पिटाळलं. शालूच्या माहेरच्यांना रडवायचं एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. त्या माहेरी तू आहेस, हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. आणि भगवंतानं निरोप सांगितला, तुझा चेहरा बघितला, आणि पुढचं खरं सांगायला त्याची जीभच उचलेना. तो तसाच मागच्या मागे पळाला. मामानं टेम्पो केला. नवापूर, बोईसर, पालघर, सातपाटी, सगळा रस्ता तू आई मेली म्हणून रडत आलीस.

पुढचं मी तुला काय सांगू, ते तुलाच ठाऊक. मी मात्र परत आल्यावर ते गंमत म्हणून ऐकलं. समू एका चपलेनं धावत आली, आई कोळंबी सोलत बसलेली, सगळ्या बायका हसून लोळल्या. आजवर घरी पाहुणा आला की ही गंमत आम्ही सांगायचो. तू दर वेळी उठून आत जायचीस. आम्हाला वाटायचं, पोर लाजते.

त्या संध्याकाळी आईनं मला पहिलं प्रकरण वाचायला लावलं. या वेळी कोळंबी नव्हती, ती नुसती बसून ऐकत होती. शेवटी ते वाक्य येतं, राणीला नटवून ठेवली आहे तिथलं: 'राणीचे हात स्वच्छ होते, आणि त्या हातांनी वेलाला पोटाशी धरलं नाही.' ते तिनं मला पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "माझं हात भरलेलं होतं. पोरीचा फ्रॉक घाण होईल म्हणून मी तिला कोपरानं बाजूला सारली. रडतेस काय, जिती हाय ना मी, असं बोलली आणि हसली. मग भाकऱ्या टाकायच्या होत्या." एवढं सांगून ती उठली आणि मोरीवर जाऊन हात धुतले. तेव्हापासून ती सारखी हात धुते, समू. मी बघत असतो आणि मला काही बोलता येत नाही. तुझ्या राजासारखाच मी.

काल ललितचा सोसायटीत फोन आला. सातपाटीचं उरलेलं शूटिंग रद्द, मॅडमनी तो प्रसंगच काढायला सांगितलाय, त्यांच्या आईला वाईट वाटलंय म्हणून. मालिका आता मोठ्या वेलापासून सुरू होणार. मी घरी येऊन सांगितलं. तुझी आई गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "काढू नको सांग तिला! तेव्हा पोर रडली तं सगळी हसली. आता टीव्हीवर रडेल तं कोण तरी तिच्यासंगती रडंल." हे मी जसंच्या तसं लिहितोय. राणी मेली तर मरू दे, हार घाला, समई लावा, तिची काही हरकत नाही. पण त्या पोरीचं धावत येणं कापू नकोस. मीही तेच सांगतो. पाच भागांचं तुझं राज्य त्या धावण्यावर उभं आहे, आणि आम्हाला ते आत्ता दिसलं.

मग मी म्हटलं, हे तूच तिला फोनवर सांग ना, रविवारी का टाळतेस? ती म्हणाली, "फोनवरून पोरीला पोटाशी कशी धरू?" म्हणून मी कागद घेतला. तेव्हाचा निरोप तोंडी गेला होता आणि नेणारा अर्ध्यातून पळाला, पुढचं खरं तुला कोणी नीट सांगितलंच नाही. ते राहिलेलं आज मी सांगतोय, लेखी, माझ्या अक्षरात, खाली सही करून: समू, तुझी आई गेलेली नाही. ती मागच्या दारी बसली आहे, हात धुऊन. हैदराबादचं काम दोन दिवस कुणावर तरी टाक आणि ये. पालघर स्टेशनवर मी न्यायला येतो. एकाच पायात चप्पल घालून आलीस तरी चालेल, या वेळी कोणी हसणार नाही.

तुझाच,
कमी बोलणारा राजा,
बाबा
(बळवंत)