लाल बाजूचं रबर

बुधवार, ४ मार्च

वही, माफ कर. तीन आठवडे तुला हात लावला नाही, आणि आता गरज पडली तशी आलो. डोकं शांत असलं की मला लिहावंसं वाटत नाही. आज शांत नाही.

व्याही बॅट देऊन गेले. म्हणजे मुलीचे सासरे. रविवारी हॉलवर साठीच्या पुढच्यांचे टेबल टेनिसचे सामने आहेत — दोन वर्षांत पहिल्यांदाच. "दोन्ही बाजूंची रबरं बदला," म्हणाले. कोणती बसवू विचारलं तर म्हणे, "माझा खेळ तुमच्याइतका कोणाला माहीत आहे? तुम्हीच ठरवा." आणि चहाही न घेता गेले.

तुम्हीच ठरवा म्हटलं की मला नको वाटतं. शाळा सहावीपर्यंत. पण चाळीस वर्षं पंक्चरं काढली, रबर मला कळतं. हॉलवरच्या सगळ्यांच्या बॅटी मीच करून देतो. जो जोरात मारतो त्याच्या रबराखाली जाड स्पंज हवा, चेंडू उसळून जातो. जो नुसता परतवतो त्याला पातळ — चेंडू ताब्यात राहतो. उलटं बसवलं तर चांगला माणूस बावळट दिसतो. मागे एका बँकवाल्याने हट्टाने जाड बसवून घेतलं. स्वभावाने परतवणारा. महिनाभर त्याचे चेंडू खिडकीबाहेरून आणावे लागले.

तो बँकवाला होता, हसलो. हे व्याही आहेत. मुलगी त्यांच्या घरात नांदते.

गुरुवार, ५ मार्च

सकाळी जुनी रबरं सोलली. कोपऱ्यातून धरून, हळूहळू गुंडाळत. मग उजेडात धरून पाहिली. रबर खोटं बोलत नाही.

काळी बाजू मधोमध झिजून चपलेच्या तळासारखी झाली आहे. या बाजूने ते परतवतात. लाल बाजू त्यांची मारायची. त्या बाजूमुळेच हॉलवर त्यांना 'तोफ' म्हणायचे. ती बाजू मात्र जशीच्या तशी! टायर नुसता उभा ठेवला तरी कडक होतो, पण झिजतो तो चालूनच. हे रबर कडक झालंय, झिजलेलं नाही. दोन वर्षांत त्यांनी या बाजूने मारलेलंच नाही.

त्यांचा खांदा गेला असणार. आता उलगडा होतोय. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून रोज सकाळी सातला आम्ही दोघंच खेळतो, ते दुसऱ्या कोणाशी खेळत नाहीत. आणि मी जिंकतो. पूर्वी दहात एखादा गेम मिळायचा. मी समजत होतो, डॉक्टरांनी आत काहीतरी चांगलंच बसवलं. तसं नव्हतं तर. माणूस थकला आणि कोणाला बोलला नाही.

बायकोला रबर दाखवलं. ती म्हणाली, "बॅट आहे ती, एक्स-रे नाही. फोन करा आणि विचारा सरळ."

कसं विचारू? तुमचा खांदा गेला का हो, असं? व्याह्यांना?

शुक्रवार, ६ मार्च

लाल बाजूला पातळ स्पंज बसवला. चिकटवायचं सोल्यूशन दोनदा लावलं, बाटली फिरवून हवा काढली, ब्लेडने कड कापली. कड सरळ आली. बरोबर केलं ना मी?

रविवार, ८ मार्च

चुकलं. सगळं चुकलं.

सकाळी बॅट हातात दिली. त्यांनी अंगठ्याने लाल बाजू दाबून पाहिली.

"हे काय बसवलंत?"

"तुमच्या खेळाला साजेसं."

"माझा खेळ म्हणजे कोणता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नाव पुकारलं गेलं.

पहिल्याच चेंडूला त्यांनी हात मागे नेला आणि लाल बाजूने असा मारला, की मी खुर्चीतून उठलो. हात तोच. खांदा तोच. तोफ जशीच्या तशी. पण चेंडूत दम नाही — जाळीत! पुन्हा मारला, पुन्हा जाळीत. समोर पोस्टातला एक लठ्ठ गृहस्थ, जागचा हलत नव्हता. तीन गेम सरळ गेले. मागे कोणीतरी म्हणालं, "तोफेत दारूच नाही." लोक हसले.

व्याह्यांनी बॅट टेबलावर ठेवली आणि घरी गेले. माझ्या खुर्चीशेजारून गेले, पण थांबले नाहीत.

खांदा ठीक आहे तर माझ्याशी खेळताना मारत का नाहीत? डोकं चालत नाही.

मंगळवार, १० मार्च

दोन दिवस हॉलवर आले नाहीत. मुलीचा फोन. "बाबा, काय करून ठेवलंत? पहाटे उठतात, बूट घालतात, खुर्चीत बसतात. सात वाजले की बूट काढून ठेवतात."

"तुला काही बोलले?"

"मला नाही बोलत. परवा एवढंच म्हणाले, तुझ्या वडिलांनी मला रिटायर केलं."

जेवण गेलं नाही. वीस वर्षांचं नातं, आणि मी स्पंजाने तोडलं.

बुधवार, ११ मार्च

हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंनी बॅट जपून ठेवली होती. हातात देताना म्हणाल्या, "तोफेला फुसका बार करून टाकलंत, काका."

मी रबराची सगळी हकीकत सांगितली. झिजलेली काळी, न झिजलेली लाल. त्या झाडू टेकवून ऐकत होत्या.

"दुसऱ्याचं रबर बरं वाचता. तुमचं कधी सोललंत?"

"माझं कशाला?"

"रोज सकाळी मी इथेच असते, काका. तुम्ही दोन वर्षं जिंकताय. एकदाही शंका नाही आली?"

काय म्हणायचं होतं त्यांना?

गुरुवार, १२ मार्च

माझं रबर सोललं. मधोमध झिजेचा एकच डाग, बाटलीच्या झाकणाएवढा. बाकी सगळं कोरं. कडेला काही नाही, कोपऱ्यात काही नाही. दोन वर्षं प्रत्येक चेंडू त्यांनी माझ्या बॅटीच्या त्याच जागी आणून दिला. मला एक पाऊल टाकावं लागू नये म्हणून.

मी त्यांच्या रबरावर माझंच दुखणं वाचलं.

दुपारी लाल बाजूला जाड स्पंज बसवला. बॅट मुलीबरोबर पाठवली, सोबत चिठ्ठी. जे लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो —

"पूर्वीसारखंच जाड रबर बसवलंय. डॉक्टरांनी मला पळायची परवानगी कधीच दिली आहे, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे सांगितलं नाही, जिंकायची सवय लागली होती. एकदा तरी माझ्या उजव्या कोपऱ्यात लाल बाजूने मारा. मी हरेन. उद्या सात वाजता येताय की नाही, एवढं लवकर कळवा. मी बूट घालून बसलो आहे."