पत्रे अजून वाजतायत

बोईसर, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी भूकंपाचा धक्का बसला, क्षणभरच. नव्या लोखंडी शेडमध्ये वॉचमनकाका म्हणाले, "सायब, धरणी थांबली, पन पत्रं आजून वाजतायत." या शेडचं डिझाइन करताना मी जुन्या काँक्रीट इमारतीचं हिशेबाचं शीट उचललं, त्यातलं डॅम्पिंग, म्हणजे हादरा जिरवण्याचं प्रमाण, पाच टक्के तसंच राहिलं. अशा लोखंडाला दोनच टक्के धरायचं. ते हादरा लवकर जिरवत नाही, म्हणून भूकंपाचा जोर जास्त धरावा लागतो. मी कमी धरला. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "कुठे काही वाकलं का? मग झालं. उद्या बायका पॅकिंगला बसतायत." शेड कमजोर आहे असं लेखी द्यावं, तर नकाशावर सही माझीच. लायसन्स जाईल. आणि नाही दिलं तर?

आत्ता जेवताना पुन्हा हलका धक्का बसला, ताटात वाटी वाजली. मी ती घट्ट धरली. शेड कशी धरू?