गोठ्यातली बॅटरीची गाडी आणि माझ्या माघारी तिची व्यवस्था

मी, भागोजी सखाराम गोताड, वय सव्वीस, शिक्षण चौथी, धंदा मुंबईच्या गोदीत बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टांची दुरुस्ती, मूळ गाव मालगुंडच्या वरच्या अंगाची गोताडवाडी, लिहून ठेवतो की आज माझी तब्येत ठणठणीत आहे, पोटात दारू नाही आणि कोणी दमदाटी केलेली नाही. डोकेही ठिकाणावर आहे. वडिलांचे मत वेगळे आहे, पण कागद माझा आहे.

मरायचा माझा विचार नाही. कारण एवढेच की येत्या मे महिन्यात मी स्वतः बनवलेली बॅटरीची गाडी वाडीपासून मालगुंडच्या बाजारापर्यंत चालवणार आहे. वडिलांनी शिमग्यात गुरवाकडून देवाला कौल लावला. फूल डावीकडून पडले. तेव्हापासून गोठ्याला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला. म्हणाले, "देवान डावा कौल दिलान. बसशील त्यात तर मरशील. मागं निस्तरायचं कोनी?"

तर निस्तरायचे सगळे खाली लिहिले आहे. आता हरकत नसावी.

१. घर, जमीन, आंब्याची कलमे वडिलांची. त्यात माझे काही नाही, म्हणून वाटणीही नाही.

२. गाडी माझी बहीण सगुणा हिला. सांगाडा रत्नागिरीच्या डॉक्टरांच्या अंगणात पडलेल्या मोटारीचा आहे, आत भंगारातल्या फोर्कलिफ्टची मोटर. ती मोटर आंबा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकातून पेंढ्यात गुंडाळून आणली. बॅटरीचे पाणी तपासायची काचेची नळीही सगुणालाच. घरात तीच एक बटणे दाबण्याआधी विचारते.

३. काढून टाकलेली पेट्रोलची टाकी आत्माराम टेंपोवाल्याला. माझ्या गाडीला तो चारचौघांत शिलाई मशीन म्हणाला. पेट्रोल महाग होईल तेव्हा त्याने टाकीत तोंड घालून वास घ्यावा.

४. आईला, म्हणजे सोनूबाईंना, ट्रंक, घोंगडी आणि माझा फोटो. फोटोला हार घालू नये. कान मोठे दिसतात.

५. तेजाबाने भोके पडलेले तीन शर्ट खोलीतल्या दादूला द्यायचे होते. पण कोर्टाबाहेरचा टायपिस्ट म्हणाला की जो साक्षीदार होतो त्याला कागदातले काही मिळत नाही. दादू म्हणाला, "भोकं तुझ्याजवळच ठेव, मी सही करतो." शर्ट भांडीवालीला द्यावेत.

६. आता वडिलांचे.

बाबा, तुम्ही जन्मभर बैलगाडी हाकलीत. आत्मारामचा टेंपो आला, लोकांनी आंब्याच्या पेट्या त्याच्याकडे दिल्या, आणि तुम्ही बैल विकलेत. त्याच रिकाम्या गोठ्यात मी गाडी उभी केली. गणपतीनंतर मी मुंबईला आलो, आणि शिमग्याला घरी येऊन बघतो तर माझ्या माघारी तुम्ही रोज सकाळी सहाही बॅटऱ्यांची झाकणे उघडून विहिरीचे पाणी घालत होतात. मी ओरडलो तर म्हणालात, "तानेली व्हती रे ती, म्हनून पाजलं पानी." बॅटरीला साधे पाणी विष असते. सगळ्या मेल्या. मी तुम्हाला नको ते बोललो. तो शब्द या कागदाने मागे घेतो. एवढी माया करून कोणी बॅटऱ्या मारल्या नसतील.

कौलाचे म्हणाल तर माझे देवाशी भांडण नाही. तुम्ही विचारलेत, "ही गाडी चालंल काय?" तेव्हा आत सहा मेलेल्या बॅटऱ्या होत्या. देव खरे तेच बोलला. नव्या बसवतो, परत कौल लावू. उजवा आला तरच निघू, हा माझा शब्द.

आणखी एक. बाजारातून परतताना घाटीत चढाला मोटर तापणार. तिला विसावा कुठे द्यायचा ते मला ठाऊक नाही. तुमचे बैल कुठे थांबायचे ते तुम्हालाच ठाऊक. एकट्याने मी निम्म्यातच अडकेन आणि आत्माराम दोर घेऊन येईल. ते मरणापेक्षा वाईट.

म्हणून दुसरे साक्षीदार तुम्ही व्हावे. मग या कागदातून तुम्हाला काहीच मिळणार नाही. तुमचा वाटा मला जिवंतपणीच द्यावा लागेल. तो वाटा म्हणजे माझ्या शेजारची सीट.

लिहून ठेवणार: भागोजी सखाराम गोताड
मुक्काम माझगाव, मुंबई. २० एप्रिल १९८७.

साक्षीदार पहिला: दादू धाकू माचिवले, सही केली, शर्ट सोडले.

साक्षीदार दुसरा: सखाराम गोताड. (जागा अंगठ्यासाठी मोकळी. शाईची डबी मी घेऊन येतोय. शाईचा हात लागायच्या आधी करगोट्याची किल्ली सोडून ठेवावी.)