वाकायचं नाही

आये,

तू बाजारात गेलीस म्हणून लिहून जाते. सकाळपासून डोळा लाल झालाय, आत वाळू गेल्यासारखं टोचतंय. टाका सुटला असणार. डॉक्टरांनी बजावलं होतं, नवं बुबुळ शिवलंय, वर्षभर वाकायचं नाही, आतून दाब येऊन जोड उसवेल. काल संगमेश्वरचे पाहुणे मला बघायला आले, तू डोळे वटारलेस आणि मी सातही जणांना वाकून नमस्कार केला.

दहाच्या एसटीनं मुंबईला त्या डॉक्टरांकडेच जाते. बाबल्यादादा सोबत आहे. पेज झाकून ठेवलीय, जेवून घे.

पाहुण्यांचा होकार आला तर त्यांना सांग, पोरीच्या डोळ्यात मेलेल्या माणसाचं बुबुळ आहे. तुझ्यानं होत नसेल तर मी सांगेन, ताठ उभी राहून.

शेवंती